'पेट साउंड्स' ऐकताना: ब्रायन विल्सनचं नैराश्य नेमकं ऐकू कुठे येतं?

अवरोही

ब्रायन विल्सन ११ जून २०२५ ला गेला, त्यानंतर त्याच्यावर पुष्कळ छापून आलं. बहुतेक ठिकाणी एकच साचा. कॅलिफोर्निया, ऊन, सर्फिंग, गोड गळे, आणि मग शेवटच्या परिच्छेदात "पण आतून मात्र तो दुःखी होता". हे "पण आतून मात्र" मला काही पटेना. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) हा अल्बम ऐकताना आतलं एक आणि बाहेरचं एक असं वेगळं काढताच येत नाही. त्यातला गोडवा ज्या पद्धतीने रचलाय, त्या रचनेतच दुःख आहे. त्यावर बोलायला हा धागा.

ज्यांना बीच बॉइज फक्त नावाने माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नमधले तीन सख्खे भाऊ, ब्रायन, डेनिस आणि कार्ल; त्यांचा आत्येभाऊ माइक लव्ह; आणि मित्र अल जार्डिन. सर्फिंगची गाणी गाऊन नाव कमावलं, पण खरोखर सर्फिंग करायचा एकटा डेनिस! गाणी रचायची, बसवायची, रेकॉर्ड करायची हे सगळं ब्रायनकडे. वडील मरी विल्सन सुरुवातीचे मॅनेजर, आणि घरात हात उचलणारे. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे.

डिसेंबर १९६४ मध्ये दौऱ्यासाठी ह्यूस्टनला निघालेल्या विमानात ब्रायन कोसळला. रडणं, किंचाळणं, उशीत तोंड खुपसून बसणं. वय २२. त्यानंतर त्याने दौऱ्यांवर जाणं सोडलं. त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल आणि मग ब्रूस जॉन्स्टन जाऊ लागले. बाकीचे गात फिरणार आणि हा घरी राहून गाणी करणार, अशी वाटणी झाली. १९६६ च्या जानेवारीत मंडळी जपानच्या दौऱ्यावर होती, तेव्हा इकडे ब्रायन टोनी अ‍ॅशर नावाच्या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या माणसाबरोबर बसून हा अल्बम लिहीत होता. मंडळी परतली तेव्हा बरंचसं वादन तयार होतं, त्यांनी फक्त गायचं होतं.

आता मुद्द्यावर येतो. गाण्यांचे शब्द नुसते ओळीने वाचून पाहा. पहिलं 'वुडन्ट इट बी नाइस': आपण मोठे असतो तर किती बरं झालं असतं. पुढे 'आयम वेटिंग फॉर द डे': त्या दिवसाची वाट बघतोय. 'लेट्स गो अवे फॉर अवाइल': चल, जरा कुठेतरी लांब जाऊ (यात शब्द नाहीतच, पण नाव बघा). शेवटचं 'कॅरोलाइन, नो': तुझे ते लांब केस कुठे गेले, ती तू कुठे गेलीस. म्हणजे सुरुवात 'असतं तर' ने आणि शेवट 'होतं तेव्हा' ने. अख्ख्या अल्बममध्ये 'आत्ता इथे बरं वाटतंय' असा माणूस शोधावा लागतो. ज्यांनी नैराश्य जवळून पाहिलंय त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिथे रडारड असतेच असं नाही, पण वर्तमानात पाय ठेवायला जागा नसते.

आणि हे संगीतातही आहे. 'वुडन्ट इट बी नाइस' सुरू होतं ते खेळण्यातल्या वाद्यासारख्या किणकिणणाऱ्या गिटारने, एका स्वरपट्टीत. मग हॅल ब्लेनचा ड्रमवर एकच दणका, आणि गाणं थेट दुसऱ्याच पट्टीत. आधीच्या पट्टीशी तिचं फारसं नातं नाही. ते किणकिणतं स्वप्न एका फटक्यात मागे पडतं आणि गायक उंच आवाजात, अ‍ॅकॉर्डियनच्या लाटेवर, 'असं झालं तर' चं गाणं म्हणायला लागतो. नाचावंसं वाटणारं गाणं आहे, आणि त्यातली एकही गोष्ट घडलेली नाही.

'यू स्टिल बिलीव्ह इन मी' ची सुरुवात कानाला हार्पसिकॉर्डसारखी लागते, पण ते पियानोच्या पोटातून आलेलं आहे. अ‍ॅशर आत वाकून तारा छेडत होता आणि ब्रायन पट्ट्या दाबून ठेवत होता. गाणं असं की, मी पुन्हा पुन्हा कमी पडतो, तरी तुझा माझ्यावर विश्वास आहे. शेवटी 'मला रडावंसं वाटतं' एवढीच ओळ, थरावर थर चढत जाते. आणि त्या सगळ्या कारुण्यात मध्येच सायकलची घंटी आणि भोंगा वाजतो! हे गाणं मुळात बालपणावर होणार होतं, त्या वेळची ती वाद्यं टेपवर पुसता न येण्यासारखी मिसळली होती, म्हणून राहिली. अपघात म्हणा. पण रडणाऱ्या माणसाच्या मागे सायकलचा भोंगा वाजू देणारा संगीतकार मला दुसरा माहीत नाही.

'आय जस्ट वॉझन्ट मेड फॉर दीज टाइम्स' बद्दल वेगळं सांगायला नको, नावातच सगळं आहे: मी या काळासाठी बनलेलोच नाही. 'कधीकधी मला फार उदास वाटतं' ही ओळ तो लहान मुलासारखी सरळ म्हणतो, कसलीही उपमा न देता. मग पॉल टॅनरचं इलेक्ट्रो-थेरेमिन येतं. टॅनर हा एके काळी ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवणारा माणूस. त्या वाद्याचा स्वर धड माणसाचा नाही, धड यंत्राचा नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. १९६६ च्या पॉपमध्ये हे कुणी करत नव्हतं. सायकेडेलिक (भास-स्वप्नासारखा अनुभव देणारं संगीत) म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी सितारीऐवजी हे ऐकवीन.

तुम्हाला कुठे ऐकू येतं? की मीच चरित्र वाचून आल्यामुळे मला सगळीकडे तेच दिसतंय?

चहाबिस्किट

वाचतोय. बीच बॉइज म्हणजे माझ्यासाठी 'कोकोमो' एवढंच होतं. आता अख्खा अल्बम लावतो.

अवरोही

@चहाबिस्किट, 'कोकोमो' (१९८८) मध्ये ब्रायन नाहीच. म्हणजे तुमची पाटी कोरी आहे, हेवा वाटतो.

माधव_सा

मला पाश्चात्त्य संगीताचं शास्त्र येत नाही, हिंदुस्थानी गायन थोडं शिकलोय, त्या कानाने सांगतो. 'गॉड ओन्ली नोज' ऐकायला बसलो आणि सवयीने तानपुऱ्याचं अ‍ॅप लावायला गेलो. आपल्याला सा कुठे आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. आधी ई ला सा धरला. काही ओळी मस्त बसल्या, मग गाणं निसटलं. ए ला धरला, तर सुरुवात बसली आणि पुढे परत निसटलं. दोन्ही ठिकाणी गाणं घरचं वाटतं आणि दोन्ही ठिकाणी पाहुणं. मग एका गिटारवाल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला की यात खर्जातला बेस बहुतेक वेळा त्या-त्या कॉर्डच्या मूळ स्वरावर उभाच नाहीये, दुसऱ्याच कुठल्या तरी स्वरावर आहे. म्हणून वरचे सूर इतके गोड असूनही पायाखाली काहीतरी हलत राहतं.

आमच्याकडे गाणं कितीही फिरून आलं तरी सा वर येऊन टेकतं, आणि तिथे ऐकणाऱ्याचा श्वास सुटतो. इथे तसं टेकणं शेवटपर्यंत नाही. शेवटी तीन आवाज एकामागोमाग एक तीच ओळ गात राहतात आणि आवाज हळूहळू विरून जातो. गाणं संपत नाही, आपल्याला ऐकू यायचं थांबतं. अवरोही म्हणतात त्या 'पाय ठेवायला जागा नाही' चं स्वरलेखन करायचं झालं तर हेच.

अवरोही

माधवजी, क्या बात! त्यात आणखी एक भर. ते प्रेमगीत आहे आणि पहिल्याच ओळीत म्हणतं, मी कदाचित तुझ्यावर कायम प्रेम करणारही नाही. आणि पुढे, तू गेलीस तर जगून तरी काय करू. हे ब्रायनने स्वतः न गाता धाकट्या कार्लकडून गाऊन घेतलं. कार्ल तेव्हा १९ वर्षांचा. त्याच्या आवाजात एक निरागस शांतपणा आहे, त्यामुळे ती ओळ धमकीसारखी वाटत नाही, भाबडी वाटते. ब्रायनने स्वतः गायली असती तर ऐकवली नसती, असं माझं मत.

कडू_काकडी

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. ही विशीतल्या पोरांची प्रेमगीतं आहेत. "मोठे झालो की लग्न करू" यात नैराश्य शोधायचं म्हटलं तर कुठल्याही भावगीतात सापडेल. शिवाय अल्बमात 'स्लूप जॉन बी' आहे, ते बहामा बेटांवरचं पारंपरिक गाणं, बोटीवरच्या गोंधळाचं. तेही डिप्रेशनच का? आणि मुखपृष्ठावर ही मंडळी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना खाऊ घालतायत! माणूस पुढे आजारी पडला म्हणून त्याची आधीची प्रत्येक टिपणी आजाराची साक्ष ठरवायची, ही आपली सवय आहे. मागे वळून सगळं सोपं दिसतं.

अवरोही

काकडीसाहेब, राग कसला. 'स्लूप जॉन बी' बद्दल सहमत, त्याचं वादन १९६५ च्या उन्हाळ्यातच रेकॉर्ड झालं होतं, या अल्बमचा विचारही नसताना. अल जार्डिनने सुचवलेलं गाणं, सिंगल गाजलं, म्हणून कंपनीला ते आत हवं होतं. (तरी 'मला घरी जाऊ द्या' हे धृपद या शेजारात वेगळं ऐकू येतं की नाही?)

बाकीच्या गाण्यांबद्दल मात्र नाही. विमानातला प्रसंग आधीचा, अल्बम नंतरचा. इथे मागे वळून जोडण्याचा प्रश्नच नाही. आणि 'कधीकधी मला फार उदास वाटतं' याला भावगीताची नजाकतही नाही हो, ते रोजनिशीतलं वाक्य आहे.

डॉ_वैजू

पेशाने मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी.

ब्रायन विल्सनचं पुढे झालेलं निदान नुसत्या नैराश्याचं नव्हतं, शिझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरचं होतं. त्यात मूडचा आजार आणि भास हे दोन्ही असतात. १९६५ मध्ये पहिल्यांदा एलएसडी (भास घडवणारं अमली द्रव्य) घेतल्यानंतर लवकरच आपल्याला आवाज ऐकू यायला लागले, आणि ते आवाज अपमान करणारे, धमकावणारे असत, असं त्याने मुलाखतींमधून सांगितलं आहे. एलएसडीमुळेच आजार झाला असं मी म्हणणार नाही. मुळात कल असलेल्या माणसात अशा द्रव्याने आजार लवकर किंवा जोरात उफाळू शकतो, इतकंच म्हणता येतं. लहानपणची मारहाण, पंचविशीच्या आतलं वय, प्रचंड कामाचा ताण, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. एक दोरा ओढून हातात काही येत नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'सायकेडेलिक' म्हटलं की लोकांना वाटतं, गोळी घेतली आणि गाणं सुचलं. याच अल्बममध्ये त्याच्या नेमकं उलट पुरावा आहे. 'आय नो देअर्स अ‍ॅन आन्सर' चे आधीचे शब्द होते 'हँग ऑन टू युअर ईगो', म्हणजे आपला अहं घट्ट धरून ठेव. एलएसडीने 'मी' विरघळतो असं तेव्हा कौतुकाने सांगितलं जायचं, आणि हा माणूस म्हणत होता, सोडू नकोस. माइक लव्हला त्यातला ड्रगचा संदर्भ आवडला नाही म्हणून शब्द बदलले. जुनं रूप नंतर प्रकाशित झालंय, ऐकून पाहा. मला ते गाणं घाबरलेल्या माणसाचं वाटतं.

तिसरं. तीव्र नैराश्यात माणसाला अंघोळ करणं जड जातं. वीस-वीस वादकांना समोर बसवून प्रत्येकाला त्याचा सूर गाऊन दाखवणं, रात्री भावांकडून एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेणं, हे त्या अवस्थेत होत नाही. हा अल्बम बऱ्या दिवसांत झालेला आहे. आजाराने तो करवून घेतला नाही, आजाराने फार तर विषय दिला. माझ्याकडे येणारी काही कलाकार मुलं औषध नको म्हणतात, का, तर 'सुचायचं थांबेल'. त्यांना मी सांगते की ब्रायनने पुढची कित्येक वर्षं बिछान्यात घालवली, त्या वर्षांत त्याने काय केलं ते मोजा.

कडू_काकडी

डॉक्टर, या शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. माझं म्हणणं हेच होतं, फक्त मला सभ्य भाषेत जमलं नाही.

मुक्काम_टॉरन्स

आम्ही हॉथॉर्नच्या शेजारीच राहतो, दिवाळी अंक इथे उशिरा येतात पण बीच बॉइज कायम असतात :) विल्सन मंडळींचं घर आता नाही. आय-१०५ फ्रीवे बांधताना १९८० च्या दशकात ते पाडलं गेलं. त्या जागेपाशी २००५ मध्ये स्मारक केलंय. साधी वस्ती आहे, बाजूला फ्रीवेची भिंत आणि पलीकडून गाड्यांचा अखंड आवाज. पाहुण्यांना न्यावं असं तिथे काही नाही, तरी मी नेते.

एक गोष्ट इथे राहून कळली. हॉथॉर्न समुद्रावर नाही. किनारा काही मैलांवर आहे, गाडी काढून जावं लागतं. म्हणजे तो 'अंतहीन उन्हाळा' त्यांच्याही अंगणात नव्हता, जवळ होता पण आपला नव्हता. अवरोही म्हणतात ते 'असतं तर' मला तिथे उभं राहिल्यावर फार नीट समजलं.

निनावी_सध्या

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, कारण समजून घ्याल.

मी डिप्रेशनमधून गेलेय, औषधं अजून चालू आहेत. त्या काळात मी संगीत ऐकतच नव्हते. लोकांना वाटतं उदास माणूस उदास गाणी लावून बसतो. माझ्यासाठी गाणं निवडणं हेसुद्धा काम होतं. फोनमध्ये यादी उघडायची, बोट फिरवत राहायचं, आणि फोन उलटा ठेवून द्यायचा. आई बाहेरून विचारायची, "काही लावू का गं?" त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण त्याचं उत्तर द्यावं लागायचं.

सावरायला लागल्यावर भावाने हा अल्बम लावला होता, त्याच्या खोलीत, माझ्यासाठी नाही. मला आवडलं ते 'लेट्स गो अवे फॉर अवाइल'. त्यात कुणी काही बोलत नाही. व्हायब्राफोन, तंतुवाद्यं, दोन-अडीच मिनिटं, बस. माझ्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती त्याची. 'आय जस्ट वॉझन्ट मेड' तेव्हा सहन झालं नाही, अर्ध्यात उठून गेले. आता आवडतं. आजारात असताना आणि आजाराकडे बघताना, ही दोन वेगळी ऐकणी आहेत असं वाटतं.

आणि कृपा करून 'वेदनेतून महान कला' वगैरे नको. वेदनेतून माझी नोकरी गेली, बाकी काही निघालं नाही.

अवरोही

लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या शेवटच्या ओळीवर मी काही बोलत नाही. 'लेट्स गो अवे' बद्दल मात्र: त्यालाही शब्द द्यायचा विचार झाला होता म्हणतात, पण ब्रायनने ते वाद्यांवरच ठेवलं. आता वाटतं बरं केलं.

फेडर_खाली

साउंडवाला आहे, तेव्हा तांत्रिक बाजू. त्या काळी ट्रॅक (टेपवर आवाज वेगवेगळे भरायच्या पट्ट्या) मिळायचे तीन-चार. वेस्टर्न, गोल्ड स्टार अशा स्टुडिओंमध्ये सगळे वादक एकत्र वाजवायचे, ते सगळं एका ट्रॅकवर मोनोत उतरवायचं, आणि मग कोलंबियाच्या आठ ट्रॅकच्या मशीनवर उरलेल्या जागेत गळे भरायचे. अंतिम मिक्स मोनो. रेकॉर्ड-निर्माता फिल स्पेक्टरच्या 'वॉल ऑफ साउंड' (आवाजाची भिंत) चा प्रभाव होताच, शिवाय ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याला स्टिरिओ घेऊन करायचंय काय?

आता तुमच्या विषयाशी जोडतो. स्पेक्टरच्या भिंतीत वाद्यं एकमेकांत विरघळून एक मोठा गोंगाट होतो. ब्रायन तीच पद्धत घेतो पण दोन वाद्यांना मिसळून तिसरंच तयार करतो. पियानो की गिटार, ओळखता येत नाही. कॅरल केचा बेस तर अनेक ठिकाणी स्वतंत्र चाल गातो. परिणाम असा की ऐकणाऱ्याला आवाजाचं मूळ सापडत नाही. सायकेडेलिक म्हणतात ते याला. तंबोरा, सितार, उलटी टेप या पुढच्या गोष्टी.

'कॅरोलाइन, नो' ची सुरुवातीची ती पोकळ टकटक ऐकलीत? हॅल ब्लेन पाण्याची मोठी रिकामी प्लास्टिकची बाटली बडवतोय, ऑफिसात कूलरवर उलटी असते ती. त्यावर भरपूर एको. आणि ब्रायनचा आवाज: टेपचा वेग वाढवून साधारण अर्ध्या स्वराने वर नेलाय, म्हणून तो त्याच्या वयापेक्षा कोवळा वाटतो. गाणं आहे निरागसपणा हरवल्याचं, आणि गाणाऱ्याचा आवाज यंत्राने लहान केलेला! शेवटी आगगाडी जाते आणि ब्रायनचे दोन कुत्रे, बनाना आणि लुई, भुंकतात.

माधव_सा

अरे देवा, ती बाटली आहे होय! मी घटम समजत होतो.

लाल_पतंग

धागा मस्त. पण सगळे १९६६ मध्ये का अडकलेत? टेम इंपाला या बँडचा 'लोनरिझम' (२०१२) घ्या. केव्हिन पार्करने जवळपास सगळं एकट्याने वाजवून, गाऊन रेकॉर्ड केलेलं, आणि विषय काय तर एकटेपणा. फ्लेमिंग लिप्स बँडचा 'द सॉफ्ट बुलेटिन' (१९९९) आहे, त्यांचा गायक वेन कॉइनचे वडील कर्करोगाने गेल्यानंतरचा. त्यातला तो भव्य वाद्यमेळ थेट 'पेट साउंड्स' च्या घराण्यातला वाटतो. माझ्या पिढीला ब्रायन विल्सन या लोकांमुळे कळला.

अवरोही

@लाल_पतंग, वेगळा धागा काढाच. 'लोनरिझम' मध्ये एक फरक मला दिसतो: पार्करचा एकटेपणा त्याने निवडलेला आहे, तो त्यात रमतोही. ब्रायन मात्र पाच गळ्यांच्या कोरसमध्ये उभा राहून एकटा आहे. ते मला जास्त अंगावर येतं.

उत्तररात्र

कुणी 'स्माइल' चा, म्हणजे 'पेट साउंड्स' नंतरच्या अर्धवट राहिलेल्या अल्बमचा, विषय काढला नाही म्हणून मी काढते. 'पेट साउंड्स' १६ मे १९६६ ला आला, अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये दुसरा. बीटल्सची मंडळी थक्क, पॉल मॅकार्टनी आजवर 'गॉड ओन्ली नोज' चं कौतुक करताना थकत नाही. पण घरच्या मैदानात कॅपिटॉल कंपनीने दोनच महिन्यांत जुन्या हिट गाण्यांचा संग्रह बाजारात आणला आणि तोच जास्त चालला. स्वतःचं काळीज काढून ठेवावं आणि दुकानदाराने शेजारी आपलेच जुने फोटो विकायला मांडावेत, तशी गत.

मग 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं, आणि मग 'स्माइल'. शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. पियानो वाळूने भरलेल्या चौकोनात ठेवलेला, वाजवताना पायाला वाळू लागावी म्हणून. नोव्हेंबर १९६६ मध्ये आगीवरच्या एका तुकड्यासाठी वादकांना खेळण्यातली अग्निशामक शिरस्त्राणं घालायला लावली. त्याच सुमारास स्टुडिओच्या परिसरात कुठेतरी आग लागली आणि ब्रायनला वाटलं, आपल्या संगीताने लावली. ती टेप त्याने बाजूला ठेवून दिली. १९६७ मध्ये 'स्माइल' बंदच पडला.

माझ्या मते नैराश्याची खरी नोंद पाहायची तर 'टिल आय डाय' ऐका, १९७१ च्या 'सर्फ्स अप' मधलं. समुद्रावर तरंगणारं बूच, दरडीबरोबर घरंगळणारा दगड, वाऱ्यावरचं पान, एवढ्याच प्रतिमा, आणि मरेपर्यंत हे असंच राहणार. 'पेट साउंड्स' मध्ये अजून कुणाला तरी साद घातलेली आहे. इथे ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

डॉ_वैजू

'टिल आय डाय' बद्दल पूर्ण सहमत.

उपचारांचाही भाग सांगायला हवा, कारण तो भयंकर आहे. युजीन लँडी हा मानसशास्त्रज्ञ १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८० च्या दशकात ब्रायनच्या आयुष्यात आला. चोवीस तास पहारा, कुणाला भेटायचं, काय खायचं ते तो ठरवणार, शेवटी गाण्यांच्या श्रेयातही तो. १९८९ मध्ये त्याला परवाना सोडावा लागला आणि १९९२ मध्ये न्यायालयाने त्याला ब्रायनपासून दूर राहण्याचा आदेश दिला. त्याच्यामुळे ब्रायनचं वजन उतरलं, तो अंथरुणातून उठला, हे खरं आहे. आणि त्याने एका आजारी माणसाला ताब्यात ठेवलं, हेही खरं.

चहाबिस्किट

ऐकून आलो. दोनदा. पहिल्यांदा वाटलं, एवढं काय. दुसऱ्यांदा हेडफोन लावून अंधारात ऐकलं, 'डोन्ट टॉक' पाशी अडकलो. 'माझ्या छातीचे ठोके ऐक' असं म्हणतो आणि मग तो खालचा बेस… बाप रे. त्यात बाकीच्या मंडळींचे आवाज नाहीतच ना?

डॉक्टर, एक वैयक्तिक प्रश्न. माझा मावसभाऊ बाहेरगावी होस्टेलवर आहे, सध्या फोन उचलत नाही, उचलला तर 'काही नाही रे' एवढंच. घरचे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन. काय करावं?

डॉ_वैजू

@चहाबिस्किट, इथे बसून निदान करणार नाही. जमल्यास प्रत्यक्ष जा, फोनवर 'काही नाही' म्हणणं सोपं असतं. झोप, जेवण, वर्गात जाणं, यात बदल झालाय का ते बघा. आणि जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरवलं जात नाही, उलट मोकळं होतं. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं. त्याच्याकडून 'हो' आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. व्यनि (खासगी निरोप) करा, मी आहे.

चहाबिस्किट

शनिवारी जातोय. व्यनि केलाय.

अवरोही

आणि हो, 'डोन्ट टॉक' मध्ये फक्त ब्रायनचाच आवाज आहे. बरोबर ऐकलंत.

उत्तररात्र

'स्माइल' चं अर्धवट राहिलं: २० फेब्रुवारी २००४ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रायनने ते पूर्ण करून वाजवलं. ३७ वर्षांनी. तेव्हाही त्याला ते आवाज ऐकू येतच होते, रंगमंचावरसुद्धा, असं तो सांगायचा.

लाल_पतंग

नवशिक्याने कुठलं व्हर्जन ऐकावं? ॲपवर मोनो, स्टिरिओ, अमुक वर्धापनदिन, ढीग पडलाय.

फेडर_खाली

आधी मोनो, ब्रायनने केलेलं तेच. स्टिरिओ मिक्स १९९७ च्या 'पेट साउंड्स सेशन्स' या संचात पहिल्यांदा आलं, ते नंतर. त्या संचात नुसते गळे वेगळे काढलेले आहेत, आणि स्टुडिओतल्या तालमीही. 'गॉड ओन्ली नोज' च्या तालमीत मधला भाग काही केल्या जुळून येत नसतो. पियानोवाला डॉन रँडी सुचवतो की सूर लांबवू नका, तोडून तोडून वाजवा. ब्रायन तिथल्या तिथे ते घेतो. तेवीस वर्षांचा पोरगा, समोर वयाने मोठे, कसलेले वादक, आणि तो एकेकाला थांबवून अचूक सांगतोय, लगेच पुढचा टेक. डॉ_वैजू म्हणतात तो 'बरा दिवस' ऐकायचा असेल तर तो टेपवर आहे.